उसवायचं कुठून?

"कुठून उसवू, तेवढं सांगा अक्का. बाकीचं मी बघते."

शालननं आईची वाकळ हौसाक्कांच्या पुढ्यात अंथरली. पर्समधून नवं ब्लेड काढलं, त्याचा कागद सोडवला आणि ते चिमटीत धरून ती बसली.

अक्कांनी ब्लेडकडे पाहिलं. मग वाकळीकडे.

"आधी भाकरी टाक," त्या म्हणाल्या.

शालन हिरमुसली, पण तिथला रिवाजच तसा होता. गावाबाहेरच्या मठीमागं पत्र्याच्या दोन खोल्यांत हौसाक्का राहायच्या. मठीची झाडलोट करायच्या आणि लोकांच्या जुन्या कापडांच्या वाकळी शिवायच्या. आसपासच्या बाया त्यांच्याकडे शिवण शिकायला यायच्या आणि शिकता शिकता मनातलं बोलून हलक्या होऊन जायच्या. फी म्हणाल तर एकच. येईल तिनं त्या वेळचा स्वयंपाक करायचा. अक्का विचारायच्या फार, सांगायच्या थोडं, आणि कौतुक करायचं म्हटलं की त्यांची जीभ जड व्हायची.

शालन इथंच शिकली होती. शिकली आणि अक्कांच्याही पुढं गेली, निदान तिला तसं वाटायचं. तालुक्याच्या प्रदर्शनात तिच्या वाकळीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. टाका असा सरळ, की लोक विचारायचे, मशीन कुठल्या कंपनीची?

ती चुलीपुढं बसली. तिथं अक्कांचा बोका पसरला होता. नाव भामट्या, आणि नावाला जागणारा. तिनं पीठ मळायला घेतलं तसा त्यानं परातीत पंजा घालून पाहिला. मग ताकाच्या गाडग्यात तोंड घातलं. तिनं उलथनं उगारलं तेव्हा गडी तिच्या पिशवीतली दोऱ्याची गुंडी घेऊन कोठीमागं पसार झाला.

"याला बांधून तरी ठेवा," शालन म्हणाली.

अक्का गालातल्या गालात हसल्या. बोक्याला मात्र काही बोलल्या नाहीत.

शालनला मांजर कधीच आवडलं नाही. आईकडे जन्मभर मांजर होतं, एक गेलं की दुसरं. लहानपणी शिंक्यावरचं दूध सांडलं की आई रागवायचं सोडून हसायची. "शिंक्याचं तुटलं, बोक्याचं पटलं," म्हणायची आणि भुईवरचं दूध त्याला निवांत पिऊ द्यायची. पोरांच्या वाटणीचं दूध जायचं, त्याचं तिला काही नसायचं. शालनला आता त्या दुधाचासुद्धा वास आठवला, गोवरीच्या धुरात तापलेल्या.

शेवटची मांजर सुंठी. सुंठेच्या रंगाची, म्हणून सुंठी. शालन माहेरी गेली की पहिल्यांदा केरसुणी हातात घ्यायची. त्यामुळं ती असेपर्यंत सुंठी कॉटखालून बाहेर यायची नाही. आई गेली, तेव्हा घराला कुलूप घालून शालननं किल्ली शेजारच्या तानूबाईंकडे दिली. परवा तानूबाईंचा फोन आला होता. मांजर अजून उंबऱ्यावरच बसून असतं, दूध ठेवलं तर तोंड लावत नाही, असं सांगत होत्या. शालननं विषय तोडला होता. मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही, भूक लागली की खाईल आपलं आपण, असं म्हणाली होती.

भाकरी गोल उतरल्या. अक्कांनी पिठल्याशी खाल्ल्या.

मग हात पुसून त्यांनी वाकळीवर तळवा ठेवला.

"सांग. काय काय हाय हिच्यात?"

शालन सांगू लागली. हे हिरवं आईचं लग्नातलं लुगडं, काठ तेवढा काढून ठेवलेला. हा वडलांचा, आण्णांचा सदरा. इस्त्री करताना शालननंच जाळला होता, आणि आईनं "कोळसाच उडाला" म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. हा निळा परकर शालनचा, चिंचेवर चढताना फाटलेला. ही उशीची खोळ, हिच्यावरचा मोर आईनं शालनला मांडीत बसवून भरला होता, सुई आईच्या हातात आणि आईचा हात शालनच्या हातात. हा पडदा. ह्या पडद्याआड उन्हाळ्यात पापडाचं पीठ कुटायचं, आणि लाट्या पळवण्यावरून पोरांचं आणि मांजराचं भांडण व्हायचं...

बोलता बोलता ती थांबली. असं सगळं एका दमात तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

"आणि हे?" अक्कांनी बोट ठेवलं.

ते वाकळीच्या मधोमध होतं. चारी कडांकडून टाक्यांच्या ओळी सरळ आत आलेल्या. मधे आल्यावर मात्र त्या वाकल्या होत्या. कुठली उजवीकडून वळसा घेऊन गेलेली, कुठली डावीकडून. मधे सुपाएवढी जागा कोरीच राहिली होती, एक टाका नाही.

"त्या वाकड्या ओळीच तर उसवायच्यात," शालन म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. मुलीचे, रोहिणीचे दिवस भरत आले होते. आई ही वाकळ पणतवंडासाठीच शिवत होती. शिवता शिवता गेली. आता बारशाला रोहिणीच्या सासरची माणसं येणार, बाळाला पाळण्यातून उचलून वाकळ उलटीपालटी करून बघणार. जन्मभर जिच्या टाक्याला गावात तोड नव्हती, तिच्या हाताला ती माणसं नावं ठेवणार. शालनला ते सोसवणार नव्हतं. एवढं मधलं उसवून आपल्या हातानं सरळ घालायचं, आणि आईचा हात कुठं संपला नि आपला कुठं लागला ते कुणाला कळूसुद्धा द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"शेवटी शेवटी डोळे गेले असणार तिचे," ती म्हणाली. "नाहीतर डोकं. मला कळलंच नाही अक्का. एकटी होती तिथं."

अक्का वाकल्या. वाकड्या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला, टोकापासून टोकापर्यंत.

"टाका बारीक हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सरळ ओळीत हाय तेवढाच बारीक. बघ तूच."

शालननं पाहिलं. होता खरा. दोन्हीकडे सारखाच. डोळे गेलेल्या बाईचा नव्हता.

"मग वाकडी का गेली?"

अक्कांनी वाकळ हातानं सारखी केली.

कोठीमागून भामट्या आला. मिशांना जळमट, तोंडात दोऱ्याचं टोक. त्यानं ते वाकळीवर टाकलं. हिरव्या लुगड्यावरून चालत गेला, आण्णांच्या सदऱ्याचा वास घेतला, परकरावर पंजे तासले. मग तो मधोमध आला. त्या कोऱ्या जागेत स्वतःभोवती फिरला, अंगाचं मुटकुळं केलं, आणि शेपूट नाकावर घेऊन निजला.

शालननं हात उगारला.

अक्कांनी तो वरच्या वर धरला.

"शीव," त्या म्हणाल्या.

"आता? बोका उठू दे की."

"त्याला कशापायी उठवतीस? मधलं राहिलंय न्हवं... शीव."

शालननं सुईत दोरा ओवला. चिडली होती ती. आईच्या दोन ओळींमधल्या जागेतून तिनं आपली ओळ धरली, कडेपासून सरळ. हात सवयीनं चालू लागला. ही ओळ पार मधून आरपार न्यायची आणि दाखवायचं अक्कांना.

सुई बोक्यापाशी आली.

त्याचं पोट खालीवर होत होतं. झोपेत पंजा हलत होता, कसलासा उंदीर दिसत असेल. ऊब शालनच्या बोटांना लागली. खुशाल ढकलून द्यावं, तिच्या मनात आलं. तिनं सुई नेली, थांबली, पुन्हा नेली... आणि सुई बाजूनं निघाली. पाठीच्या कडेनं, शेपटीच्या वळणानं, कानाला धक्का न लावता. पलीकडे पोचल्यावर ओळ पुन्हा सरळ झाली.

तिनं दोरा तोडला तशी मठीत कुणीतरी घंटा वाजवली. भामट्या उठला, अंग ताणलं, आणि काहीच झालं नाही अशा थाटात निघून गेला.

शालननं खाली पाहिलं.

तिची ओळ आईच्या दोन ओळींच्या मधे होती. जिथं त्या वळल्या होत्या तिथंच वळलेली, आणि तेवढीच.

तिला फोनवरचा आईचा आवाज आठवत होता. एकटी कशी राहतेस, चल माझ्याकडे, असं शालन दर खेपेला म्हणायची. आई म्हणायची, "मी कुठं एकटी आहे?" शालनला वाटायचं, लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून म्हणत असेल. मग शालन घाईनं फोन ठेवायची.

"अक्का..." तिनं कोऱ्या जागेवर हात ठेवला. "सुंठी. आईची मांजर. ती इथं निजायची."

अक्का पदरानं वाकळीवरचे बोक्याचे केस झटकायला गेल्या आणि राहू दिले.

शालन रडली. लपवलं नाही तिनं. आई गेल्यावर पाहुण्यांच्या गर्दीत, चहापाण्याच्या, दिवसकार्याच्या धांदलीत जे राहून गेलं होतं ते आत्ता आलं. दुपारच्या उन्हाच्या कवडशात वाकळ पसरून बसलेली आई तिला दिसत होती, मांजराला उठवायला नको म्हणून सुई वळवून नेणारी. कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असणार ती. पिठलं केलंय आज, खाणार का, असलंच काहीतरी.

मग तिनं ब्लेड कागदात गुंडाळलं आणि अक्कांच्या चुलीत टाकलं.

"एक टाका उसवणार नाही," ती म्हणाली. "कोणी काही म्हणू दे. बाळाला तिथंच निजवीन, मधोमध."

अक्कांनी वाकळीची दोन टोकं धरली, शालननं दोन. दोघींनी मिळून घडी घातली. शालनला हलकं वाटत होतं. नाक पुसून हसलीसुद्धा ती. आपण काहीतरी मोठं शिकून निघालो, असं तिच्या चालीत दिसत होतं. वाकळ पिशवीत गेली. ती अक्कांच्या पाया पडली, दारापाशी जाऊन चपला शोधू लागली. एक चप्पल होती, दुसरी भामट्यानं अंगणात नेली होती.

आत अक्का वाटीत दूध ओतत होत्या. त्यांनी वाटी उंबऱ्यापाशी ठेवली. बोका आला आणि लपलप पिऊ लागला.

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या.

"शालन..."

"काय अक्का?"

"आता कुठं निजती गं ती?"