भिवाचे तीन पुकारे

आता कोर्टात नावं पडद्यावर उमटतात. पण भिवा पट्टेवाल्याचा पुकारा ज्यांनी ऐकला, त्यांच्या कानात तो अजून घुमतो.

त्या काळी आमचं तालुका कोर्ट पत्र्याच्या शेडमध्ये भरायचं. पाऊस लागला की साक्षीदाराचं बोलणं बुडायचं आणि पुढची तारीख पडायची. समोरच पालिकेची दगडी इमारत वर्षानुवर्षं रिकामी होती. न्यायाधीशांनी ती मागितली, तेव्हा नगराध्यक्ष खानविलकर तिच्या कुलूपबंद दाराशीच उभे राहून म्हणाले, "रिकामी कुठाय? आमचं बागखातं आहे आत. कागदोपत्री नोंद आहे."

न्यायाधीशांच्या मागं उभ्या भिवाला राहवेना. त्यानं पट्टा सारखा केला आणि दाराच्या फटीतून ठेवणीतला आवाज लावला, "बागखातं, हाजिर हो."

तीनदा पुकारलं. आतून फक्त पारवे फडफडले.

भिवा अदबीनं वळला. "साहेब, आमच्याकडं तिसऱ्या पुकाऱ्यालाही जो ओ देत नाही, तो गैरहजर. मग जो हजर, त्याचं ऐकून निकाल होतो. कोर्ट तर इथं हजर आहे."

खानविलकरांनी किल्ली मागवली.

पुढं कोर्ट तिथंच भरलं. पारव्यांना मात्र भिवानं कधी हाकललं नाही. म्हणायचा, "अख्ख्या बागखात्यात ओ देणारे तेवढेच होते."