हरणी थांबली तेव्हा

नदीच्या अलीकडे एक शहर होतं आणि पलीकडे एक गाव. शहरात मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या एक बाई राहत. त्यांचं नाव हेमलता रेगे, पण मुलं त्यांना हेमामावशी म्हणत. गावोगावच्या शाळांची त्यांना बोलावणी येत. त्या जात, गोष्ट सांगत, मुलांच्या वह्यांवर सह्या करत आणि मुलांनी दिलेली चिंचा-बोरं पिशवीत भरून घरी येत.

त्यांची एक गोष्ट फार गाजली होती. तिचं नाव ‘ढेंचूचा दरबार’. एक गाढव मंत्री व्हायला राजाकडे जातं. राजा विचारतो, “दुष्काळ पडला तर काय करशील?” गाढव म्हणतं, “ढेंचू!” राजा विचारतो, “शत्रू चालून आला तर?” गाढव म्हणतं, “ढेंचू!” शेवटी शिपाई त्याच्या शेपटीला डबा बांधतात आणि त्याला हाकलून देतात. एवढीच गोष्ट. पण हेमामावशी मान वर करून, डोळे मिटून असं काही ओरडत की मुलं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत. मग सगळी शाळाच ढेंचू करू लागे. तो आवाज कानावर आला की हेमामावशींना धन्य वाटे.

एकदा पलीकडच्या गावच्या शाळेनं त्यांना बोलावलं. पुलाचं काम चालू होतं, म्हणून एसटीनं त्यांना नदीकाठी उतरवलं. पाणी गुडघाभरच होतं. माणसं, मोटारसायकली त्यातूनच ये-जा करत. शाळेतून कुणीतरी न्यायला येणार होतं, पण एसटी वेळेआधी पोचली. असं क्वचितच होतं, पण त्या दिवशी झालं. हेमामावशींजवळ शाळेला भेट द्यायच्या पुस्तकांचे दोन गठ्ठे होते. ते घेऊन त्या बाभळीच्या सावलीत गेल्या, तर तिथं आधीच एक मुलगी बसलेली. अंगावर शाळेचा गणवेश, शेजारी एक गाढवी.

“शाळा नाही का गं आज?” हेमामावशींनी विचारलं.

“हाय की.”

“मग तू इथं कशी?”

“पोटात दुखतंय.” मुलीनं सांगितलं आणि लगेच एक कच्ची चिंच तोंडात टाकली. मग गठ्ठ्यांकडे बघत तिनं विचारलं, “पुस्तकं इकता व्हय तुम्ही?”

“पुस्तकांचंच काम आहे माझं. ही शाळेत पोचवायचीत.”

“मग हरणीवर टाका. गाडीवरनं नेली तर भिजतील. मी सोडते. पण फाटकापर्यंतच हां, आत न्हाई यायची.”

“हरणी कोण?”

मुलीनं गाढवीच्या पाठीवर थाप मारली. “ही काय.”

गाढवीचं नाव हरणी! हेमामावशींना हसू आलं. मुलगी हसली नाही. तिनं गठ्ठे नीट तोलून बांधले आणि दोघी चालू लागल्या.

“शाळेच्या आत का नाही येणार?” हेमामावशींनी पुन्हा विचारलं.

“सांगितलं ना, पोट दुखतंय.” मग एकदम म्हणाली, “आज एक पाव्हणी यायचीय. गाढवाची गोष्ट लिवणारी. आमच्या बाईंनी तीच गोष्ट नाटकात बसवलीय, तिला दाखवायला. राजा झालाय हर्षवर्धन, सरपंचांचा. बाकीची शिपाई. अन् गाढव मी.”

“तूच का?”

“आमच्याकडं गाढवं हायेत ना. आबा भट्टीवर विटा वाहत्यात. बाई म्हणल्या, कार्तिकीला काही शिकवायचीसुदिक गरज न्हाई.”

हेमामावशींनी खांद्यावरची पिशवी उगाच सारखी केली.

“तालीम सुरू झाल्यापासनं मला कार्तिकी कुणी म्हणतच न्हाई. पाणी प्यायला गेलं तरी ढेंचू, हजेरीला उभं राहिलं तरी ढेंचू. आज सगळ्या गावापुढं झालं की संपलंच. गावानं ठेवलेलं नाव जात नसतंय.” कार्तिकीनं पायानं एक खडा उडवला. “ती पाव्हणी तरी कशी असंल ओ? तिनं कधी गाढव बघितलंय का?”

“बघितलं असेल,” हेमामावशी हळूच म्हणाल्या, “लांबून.”

ती पाहुणी मीच, हे शब्द त्यांच्या ओठांवर आले, पण बाहेर पडले नाहीत.

दोघी पाण्यात उतरल्या. निम्मी नदी ओलांडली आणि हरणी थांबली. कान मागे, पाय रोवलेले. कार्तिकीनं चुचकारलं तरी हलेना. पलीकडे म्हशी धुणारा एक माणूस ओरडला, “अगं हाण की दोन! गाढव ते गाढवच!” हेमामावशींनाही घाई झाली होती. त्या म्हणाल्या, “जरा ढकलून बघ ना गं.”

“थांबा. ती उगं थांबत न्हाई.”

कार्तिकीनं हातातली काठी पुढच्या पाण्यात घातली. काठी आत गेली, आणखी गेली, तिचा हात कोपरापर्यंत भिजला तरी तळ लागेना. कुणीतरी चोरून वाळू उपसली होती, आणि कालच्या वाटेवर आज डोह झाला होता; सकाळी वरच्या अंगानं आलेल्या कार्तिकीलाही तो ठाऊक नव्हता. पुढचं पाऊल पडलं असतं तर पुस्तकं, गाढवी आणि धरणारी पोर, सगळंच आत गेलं असतं.

हेमामावशी दोन पावलं मागे सरल्या. “हिला कसं कळलं?”

“मला काय ठावं? मला एवढंच ठावं, की ती थांबली की आपण थांबायचं.”

हरणीला वळवून, लांबून फेरा मारून दोघी पलीकडे आल्या. शाळेच्या फाटकाशी लेझीम घेतलेली मुलं उभी होती. मुख्याध्यापक खैरनार सर हार घेऊन धावतच आले. “या, या, हेमामावशी! आम्ही आत्ता माणूस पाठवतच होतो!”

कार्तिकीचे हात गठ्ठ्याच्या गाठीवरच थबकले. तिनं हेमामावशींकडे पाहिलं, गळ्यातल्या हाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हेमामावशी काही बोलणार, तोवर लेझीम सुरू झाली. आणि तेवढ्यात मागून गुंजाळ बाईंचा आवाज आला, “सापडलीस बाई एकदाची! अगं ढेंचू, किती शोधायचं तुला? चल, कान बांध!”

गुंजाळ बाई वाईट नव्हत्या. पुठ्ठ्याच्या तलवारी, सोनेरी कागदाचा मुकुट आणि ते लांब कान त्यांनी स्वतःच्या हातांनी, हौसेनं केले होते. आपण एका पोरीचं नाव पुसतो आहोत, हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी कार्तिकीचा हात धरला आणि तिला आत नेलं. पाहुणीची पुस्तकं पोचवायला आली नसती, तर ती पोर सापडली नसती. हरणी कुंपणापाशी एकटीच उभी राहिली.

समारंभ सुरू झाला. वाऱ्यानं समई पेटेना. शाल झाली, श्रीफळ झालं, सरपंचांचं भाषण झालं, त्यात शाळेच्या छपराचं आश्वासन झालं. आपल्या शाळांत पाहुण्याला सगळं देतात, फक्त मुलांशी बोलायला वेळ देत नाहीत. मुलं उन्हात चुळबुळत राहिली. अखेर नाटक सुरू झालं.

हर्षवर्धन मुकुट सावरत ओरडला, “बोल रे गाढवा! दुष्काळ पडला तर काय करशील?”

कार्तिकी मधोमध उभी होती. मान इतकी खाली की कागदी कान डोळ्यांवर आलेले. ती गप्प.

“ढेंचू म्हण! ढेंचू!” पडद्याआडून बाई कुजबुजल्या.

ती गप्पच. मग समोरच्या ओळीतून एकानं सुरुवात केली, “ढेंचू!” दुसऱ्यानं केली. बघता बघता सगळी शाळा ओरडू लागली. मागे उभे असलेले गावकरीही त्यात मिसळले. खैरनार सर खुशीत वाकून म्हणाले, “बघा मावशी, तुमची गोष्ट कशी घराघरांत पोचलीय!”

हाच तो आवाज. याच्यासाठीच तर हेमामावशी गावोगाव जात. आजवर त्यांनी तो स्टेजवरून ऐकला होता. हसणारे शेकडो चेहरे तिथून दिसत. तो आवाज ज्याच्या डोक्यावर पडतो, तो चेहरा आज पहिल्यांदा त्यांच्या समोर होता.

नुसतं बसून राहायचं होतं. पोरीनं एकदा ढेंचू म्हटलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, लाडू वाटले गेले असते आणि सगळे आनंदानं घरी गेले असते. पण हेमामावशींना पाण्यात नाहीशी होणारी ती काठी आठवली.

त्या उठल्या. “थांबा!”

गोंगाटात कुणालाच ऐकू गेलं नाही. मग त्या सरळ स्टेजवर चढल्या. त्यांनी कार्तिकीच्या डोक्यावरचे कान हलकेच सोडले आणि आपल्या अंबाड्यावर बांधले. पाहुणीला गाढवाचे कान! आधी सगळे चिडीचूप झाले, मग खसखस पिकली.

“महाराज, आपलं नाव?”

“हर्षवर्धन महाराज!”

“आणि हिचं?”

“ढें…” हर्षवर्धननं मावशींकडे पाहिलं आणि तो अडखळला. “कार्तिकी.”

“ही कार्तिकी आजपासून तुमच्या राज्याची वाटाडी. गाढव मी. तुम्ही फौज घेऊन नदी ओलांडताय. चला!”

हेमामावशी वाकून चालू लागल्या. मागून राजा, मागून फौज. स्टेजच्या मधोमध त्या थांबल्या.

“चल गं गाढवे!” राजा ओरडला. गाढव हललं नाही. “ढकला रे हिला!” शिपायांना तेवढंच हवं होतं. त्यांनी खरोखरच जोर लावला. समोरून मुलं ओरडली, “ढेंचू करा! मावशी, ढेंचू करा ना!” मागून एक म्हातारबुवा म्हणाले, “करा की ओ बाई, त्याच्यासाठी तर आलोय!”

मावशींनी ढेंचू केलं नाही. त्यांनी मान वळवून विचारलं, “वाटाडीबाई, आता काय करायचं?”

कार्तिकी ताठ उभी होती. तिनं कुंपणाकडे पाहिलं. तिथून हरणी इकडेच बघत होती.

“ढकलू नका,” ती पुटपुटली.

“मोठ्यानं सांग, फौज बहिरी आहे!”

“ढकलू नका म्हणते ना!” ती इतक्या जोरात ओरडली की शिपाई दचकून मागे सरले. “महाराज, तलवार घाला पाण्यात.”

राजानं पुठ्ठ्याची तलवार स्टेजच्या फळीला टेकवली.

“किती आत गेली?”

हर्षवर्धननं एकदा फळीकडे पाहिलं, एकदा कार्तिकीकडे. पोरगं द्वाड होतं, पण मठ्ठ नव्हतं. तो किंचाळला, “आई गं! मुठीपर्यंत गेली!”

पुढच्या ओळीतली पोरं गुडघ्यांवर उठून बघू लागली.

“म्हणून थांबली ती,” कार्तिकी म्हणाली. “तुम्ही तिला ढकलत बसला. ती थांबली नसती तर सगळे बुडला असता.”

कुणी हसलं नाही. पहिलीतली एक चिमुरडी काळजीनं म्हणाली, “मग आता कुठनं जायाचं?”

“माझ्या मागनं या,” कार्तिकी म्हणाली.

आणि ती पुढे, तिच्यामागे कागदी कान लावलेली पाहुणी, मग राजा, मग फौज, अशी वरात स्टेजवर लांबून फेरा मारून सुखरूप पैलतीराला गेली. टाळ्यांना थोडा वेळ लागला. पण त्या सुरू झाल्या, आणि मग समोरून हाका आल्या, “कार्तिकी! कार्तिकी!” गुंजाळ बाईही पडद्याआडून बाहेर येऊन तेच नाव घेत होत्या.

खाली उतरताच पोरांनी मावशींना गराडा घातला. “कान मला! मावशी, मला द्या!” हर्षवर्धननं तर मुकुटच काढून टाकला. “मी होतो गाढव! मी!”

मावशींनी कान कार्तिकीच्या हातात दिले. “हिला विचारा.”

कार्तिकीनं हर्षवर्धनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बघते जमतंय का तुला. गाढव व्हायला आधी थांबता आलं पाहिजे.”

परतताना तिनंच मावशींना नदीपार पोचवलं. काठावर तिनं गठ्ठ्यांचा रिकामा दोर गुंडाळला. मग म्हणाली, “वाटंत का न्हाई सांगितलं, तुम्हीच त्या हाय म्हणून?”

“धीर झाला नाही गं, कार्तिकी.”

कार्तिकीनं विचार केला. “हरणीबी आधी लई भ्यायची. आता बघा कशी झालीय.”

हेमामावशींनी हात पुढे केला आणि हरणीच्या मागच्या बाजूनं त्या जवळ जाऊ लागल्या.

“मागनं नगा,” कार्तिकी म्हणाली. “म्होरनं या. तिला तुमचं तोंड दिसू द्या.”

मावशी समोर आल्या. त्यांनी हरणीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ उबदार होतं आणि केस वाटले होते त्याहून कितीतरी मऊ.

तात्पर्य: शंभर जणांच्या हसण्याखाली एकाचंही नाव बुडत असेल, तर आपली लाडकी गोष्टसुद्धा मध्येच थांबवावी, मागून ढकलणारे पुष्कळ असतात, पण वेळेवर थांबतो तोच शहाणा.