आपल्यापुरतं पाणी

उंबरमाळ नावाचा एक पाडा होता. नकाशावर नव्हता, पण डोंगरावर होता, आणि तिथल्या लाडीला विचाराल तर तेवढं पुरे होतं.

लाडी नऊ वर्षांची, अंगानं चिमणीएवढी, पण हट्ट हत्तीएवढा! पाड्यात सतरा घरं. घरं कसली, पत्र्याची खोकीच ती. दुपारी पत्रा तापला की तान्ही बाळं रडून रडून लाल व्हायची. आणि पाणी? उंबराखालच्या झऱ्यात करवंटी बुडेल एवढंच. परवा खालून एक साहेब आले. घाम पुसत म्हणाले, "पाणी काही वर चढत नाही. तुम्हीच खाली या. खाणीशेजारी शेड बांधल्यात. शनिवारी टेम्पो पाठवतो." मोठी माणसं माना खाली घालून बसली. लाडीच्या आईनं तर बोचकं बांधायला घेतलं. लाडीला असा राग आला की कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या.

"मी नाय जायची!" ती म्हणाली आणि हंडा उचलून तडक झऱ्यावर गेली.

करवंटी करवंटीनं अर्धा हंडा भरता भरता सकाळ सरली. निघणार तोच दगडाच्या खोबणीतून बारीकसा आवाज आला. तिथे बोटाएवढी एक परी पडली होती. मोरपिशी झगा धुळीनं माखलेला, इवलेसे पंख सुकून चुरगळलेले, ओठांना भेगा.

"पाणी देतेस का गं?" ती पुटपुटली.

लाडीनं ओंजळ पुढे केली. परी एक ओंजळ प्याली, दुसरी प्याली, तिसरी प्याली. बोटाएवढी ती, पण डोंगराएवढी तहानलेली! हंडा रिकामा झाला. आई काय म्हणेल ते लाडीच्या मनात आलं, पण तिनं हात आखडला नाही.

आणि मग परी चमचमू लागली. निळी, सोनेरी, गुलाबी!

"मी या झऱ्याची परी," ती म्हणाली. "तीन गोष्टी माग. पण नियम आहेत हं, बाळ. जे मुळात नाही ते मला आणता येत नाही, आहे तेच जागं करता येतं. आणि ज्यानं त्यानं आपल्यापुरतंच मागायचं. हे बघ, माझ्या पंखावरच लिहिलंय."

खरंच, पंखावर बारीक रुपेरी अक्षरं होती : आपल्यापुरतंच.

"मग आपल्यापुरतं पाणी दे," लाडी म्हणाली. "वर चढत नाय म्हणे! अगं, ते वरूनच तर येतं. आपल्या डोंगरावर पडतं नि खाली पळून जातं. त्याला इथंच मुरव. नि डोंगराच्या पोटात आधीच मुरलंय तेवढं झऱ्याला सोड."

परीनं चिमुकली टाळी वाजवली. उतारावर चर खणले गेले, दगडांचे बांध रचले गेले. झरा खळखळून हसला आणि त्याच्या पायाशी एक दगडी टाकी काठोकाठ भरली.

"अगंबाई!" परी दचकली. "हे तर सतरा घरांना पुरेल. मी तुझ्या एकटीपुरतं म्हटलं होतं!"

"एकटीपुरतं म्हणजे माझ्यापुरतं," लाडी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आपण म्हणजे सगळी. तू माझ्या हातचं पाणी प्यालीस, म्हणजे तूपण. तुझ्या पंखावर 'माझ्यापुरतं' लिवलंय का? दाखव!"

परीनं मान वळवून पंख वाचला. पुन्हा वाचला. इतक्या वर्षांत तिच्याशी कुणी हुज्जतच घातली नव्हती.

"आता आपल्यापुरतं घर," लाडी म्हणाली.

पत्रे गेले. डोंगरावरच्याच कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या, मातीनं सारवलेल्या गुळगुळीत भिंती उभ्या राहिल्या. वर गवताचं जाडजूड छप्पर, त्याला बांबूची पन्हळ, आणि पन्हळीखाली प्रत्येक दारात पावसाची वाट बघत बसलेला एक गुबगुबीत रांजण. त्या दुपारी पाड्यातलं एकही बाळ रडलं नाही.

शनिवारी टेम्पो पायथ्याशी थांबला आणि साहेब धापा टाकत वर आले. परी लाडीच्या वेणीत लपली. लाडीनं तांब्या पुढे केला.

"घ्या साहेब. पाणी वर चढलं नाय. ते वरच होतं."

साहेब घटाघटा प्याले. मग त्यांनी डोळे विस्फारून घरं पाहिली. "हे सगळं कुणासाठी?"

"आपल्यासाठी," लाडी म्हणाली.

साहेबांनी रिकाम्या तांब्याकडे पाहिलं आणि तो परत दिला. टेम्पो रिकामाच गेला. आईनं बोचक्याची गाठ सोडली.

"तिसरं काय मागतेस, बाळ?" वेणीतून परीनं विचारलं.

"तुझ्या पंखावरचा नियम खोड. पुढल्या पोरीला माझ्यावानी भांडता येईलच असं नाय."

परी इतकी हसली की तिचे पंख थरथरले. रुपेरी अक्षरं एकेक करून झऱ्यात गळून पडली. हलकी हलकी होत परी उंच उडाली, केशरी झाली, पिवळी झाली, पांढरीशुभ्र झाली, आणि उंबराच्या शेंड्यावर नुसता उजेड उरला.

अजूनही त्या झऱ्यावर पाणी भरायला वाकलं की तळाशी अक्षरं चमकताना दिसतात. 'पुरतंच' तेवढं विरघळून गेलं. उरलंय ते फक्त 'आपल्या'.