पेंढीचा आळा

भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावात नवी शाळा उभी राहत होती. भिंती खिडक्यांच्या वर आल्या आणि हणमंताप्पा गवंड्याने थापी खाली ठेवली.

"इथं चौफेर सळईचा पट्टा पाहिजे. त्याशिवाय पुढची वीट लावणार नाही."

गुत्तेदार बलभीमराव जमलेल्या गावकऱ्यांकडे बघून हसले. "आप्पा, म्हातारपणी भित्रा झालास! दीड हात जाड भिंत आहे. हत्तीनं धडक दिली तरी हलायची नाही. पट्टा कशाला? या लोकांना पटवून दे, लगेच घालतो."

आप्पाने शेजारच्या गंजीतून कडब्याची जाडजूड पेंढी आणली, तिला बांधलेला आळा विळ्याने कापला आणि म्हणाला, "उचला, मालक."

बलभीमरावांनी पेंढी उचलली तशी धाटं चहूकडे घसरली. लोक हसले.

"धाटं तेवढीच आहेत, मालक. जाडीही तेवढीच होती. फक्त आळा नाही."

गुत्तेदार ओशाळले. "हे तुला शिकवलं कुणी?"

"माझ्याच घरानं. दोन हात जाड भिंत मीच रचली होती, गावभर मिरवत होतो. तिला आळा नव्हता. दोन्ही लेकी तिच्याखालून मीच काढल्या."

मग कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी सळया आल्या. प्रत्येक जोडाची तार आप्पाने स्वतः आवळली.