कासराभर उन्हातली संध्याकाळ

बोरखिंडीच्या उदाजीराजांनी पाडव्याला टोल अडीच घटका पुढे ओढला आणि अख्ख्या संस्थानाची झोप उडाली.

उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो आणि प्रजा मात्र लोळत पडते, हे राजांना बघवेना. म्हणून त्यांनी हा शोध लावला. पाडव्याला टोल पुढे, दिवाळीला पुन्हा मागे. देवडीवरचा म्हातारा टोलवाला बिचारा घंगाळातल्या पाण्यावर भोकाची वाटी सोडून बसायचा. वाटी बुडाली की घटका भरली, की दे टोला. त्याला हे पुढेमागे काही झेपेना. लोकांची तर दाणादाण. "दुपारी या" म्हटलं की पाहुणा विचारायचा, "राजांच्या दुपारी, की उन्हाच्या?" न्हावी एकाची दाढी अर्धी टाकून दुसऱ्याकडे पळायचा. कुणी कुरकुर केली तर त्यावरही दवंडी झाली होती: टोल पडेल तीच वेळ खरी, आभाळाकडे बघून वेळ सांगेल तो हद्दपार! तेव्हापासून बोरखिंडीत माणसं खाली मान घालून चालायची.

सगळ्यांनी कसंबसं निभावलं. अडली ती दुरपदा.

दुरपदा गावच्या बेचाळीस गाई राखायची. बाप गेल्यापासून काठी तिच्या हाती आली होती, आणि कुरणाच्या कडेला बापानं बांधलेलं खोपटं हेच तिचं घर. आता झालं असं की वैशाखात राजकन्येचं लग्न निघालं, आणि मुहूर्त निघाला गोरज. गोरज म्हणजे दिवस मावळताना गाई रानातून परततात आणि त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ. व्याही पडले परगावचे आणि हट्टी. गाईंची धूळ दिसल्याशिवाय अंतरपाट धरू देणार नाही, असं त्यांनी बजावलं. राजांच्या टोलाप्रमाणे संध्याकाळ व्हायची तेव्हा ऊन चांगलं रणरणत असायचं. जोशीबुवांना घाम फुटला. टोल चुकीचा म्हणावं तर राजे रागावणार, बरोबर म्हणावं तर व्याही.

राजांनी तोड काढली. दुरपदाला बोलावून फर्मावलं, की लग्नाच्या दिवशी संध्याकाळचा टोल पडला रे पडला की बेचाळीसच्या बेचाळीस गाई वेशीत हव्यात. नाहीतर गाई आणि कुरण दिवाणांच्या मेहुण्याला, आणि ती हद्दपार.

"म्हाराज, गाईला टोल कळत न्हाई," दुरपदा म्हणाली. "तिला वासराची ओढ कळती, आन् ऊन उतरल्यालं कळतं."

"मग शिकव. आठ दिवस आहेत."

दुरपदानं खरंच शिकवून बघितलं. कुरणात उभं राहून फुटकं ताट बडवलं. गाईंनी माना वर केल्या, तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि परत चरायला लागल्या. काठीनं हाकलल्या तर अर्ध्या वाटेवरून माघारी फिरल्या, आणि चार तर थेट ओढ्यात जाऊन बसल्या. सातव्या दिवशी तिला रडूच कोसळलं. बापाच्या हातचं खोपटं सोडून जायचं कुठं? पोटभर रडून झालं, तिनं पदरानं नाक पुसलं, दवंडीतले शब्द पुन्हा एकदा मनात घोळवले आणि फिसकन हसली.

लग्नाचा दिवस उजाडला. वेशीजवळ मांडव पडला. संध्याकाळचा टोल पडला तेव्हा सूर्य कासराभर वर होता आणि वऱ्हाडी शेल्यांनी वारा घेत होते. सगळ्यांचे डोळे वाटेला लागले. आणि वाटेवरून दुरपदा आली. एकटीच! काठी परजत, हैक् हैक् करत, मोकळ्या वाटेवर इकडून तिकडे धावत.

"अवं पाव्हणं, सरका जरा. तांबडी मारकी हाय!"

विहीणबाईंनी शालू सावरला आणि चटकन बाजूला झाल्या. दिवाणही दोन पावलं मागे सरकले. जोशीबुवांनी रिकाम्या हवेला हात जोडून गोमातेला नमस्कार केला. गाई नाहीत म्हणावं, तर संध्याकाळ झाली नाही म्हटल्यासारखं व्हायचं, आणि हद्दपार व्हायची कुणाचीच तयारी नव्हती. दुरपदानं एका न दिसणाऱ्या कालवडीला दटावलं, दुसरीची पाठ थोपटली.

राजे तरातरा मांडवाबाहेर आले. कपाळाशी आडवा हात धरून त्यांनी वाट न्याहाळली.

"गाई कुठायत?"

"ह्या काय, म्हाराज. टोल पडला, म्हंजी सांज झाली. सांजंला गाई येशीतच असत्यात."

"मला एकही दिसत नाही!"

"आभाळाकडं बघायचं न्हाई, असा हुकूम हाय न्हवं? म्यां वाटंकडंबी बघायचं सोडून दिलं."

"थट्टा करतेस? वाट रिकामी आहे, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसतंय!"

दुरपदानं काठी बगलेत धरली आणि हात जोडले.

"दिसत आसंल, म्हाराज. पर सांज झालीया न्हवं? मंग डोळ्यांवर हात कशापायी धरलाय?"

राजांचा हात कपाळाशी तसाच राहिला. त्यांनी तो हळूच खाली घेतला, तशी उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत गेली आणि त्यांना सटासट तीन शिंका आल्या. मग राजे हसायलाच लागले. मंदील कानावर घसरला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. ते बघून व्याह्यांचंही पोट हलायला लागलं आणि सगळा मांडव खदखदला.

तिथल्या तिथे हुकूम सुटला. आजपासून टोल पुढे नाही आणि मागेही नाही, उन्हाळा असो की हिवाळा. कुरण दुरपदाला पिढीजात इनाम. आणि देवडीवरच्या म्हाताऱ्यानं संध्याकाळपुरती ती वाटी बाजूला ठेवायची. दुरपदाची पहिली गाय वेशीत पाय टाकेल, तेव्हाच संध्याकाळचा टोल द्यायचा.

थोड्या वेळानं ऊन उतरलं. गावात वासरं हंबरली, रानातून गाई हंबरल्या, आणि तांबडी सगळ्यांच्या पुढे धावत वेशीत शिरली. म्हाताऱ्यानं टोल दिला. बेचाळीस गाईंनी अशी धूळ उडवली की अक्षता नवरानवरीवर पडल्या की जोशीबुवांवर, हे कुणालाच दिसलं नाही.