गडगडसेन महाराजांचं घोरणं विकायला काढलं!

"बंद करा हा बाजार! आत्ताच्या आत्ता!"

उंबरगडचे राजे गडगडसेन शाळेच्या अंगणात उभे राहून ओरडले आणि पोरांनी विकायला मांडलेल्या कागदाच्या भिंगऱ्या पटकन पाठीमागे लपवल्या.

या शाळेचे पंतोजी दर शनिवारी मुलांचा बाजार भरवत. स्वतः काहीतरी बनवायचं आणि स्वतःच विकायचं! बुरुडाची नऊ वर्षांची धुरपी बुड निघालेल्या टोपल्या उपड्या मांडून, कोंबड्यांची घरं म्हणून विकत होती. महाराज सहज बघायला आले, तर ही म्हणाली, "घ्या महाराज! कोंबडीला आत बसून आभाळ दिसतं! तुमच्यासाठी भाव कमी करते!"

"भाव कमी? मी काय भिकारी आहे?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "पोरांनी पाढे म्हणावेत! धंदा कसला करतात?"

पंतोजी हात जोडून म्हणाले, "महाराज, यानं मुलं डोकं चालवायला शिकतात."

"असं? मग डोकं चालवून माझं घोरणं विकून दाखवा!"

सगळ्यांनी आ वासला. त्याचं असं झालं होतं, की सकाळीच राणीसाहेब महाराजांना म्हणाल्या होत्या, "तुमचं घोरणं कुणी फुकट नेलं तरी मी त्याचे पाय धुवीन." तेव्हापासून महाराज फुरंगटून बसले होते.

"उद्या दिवस मावळायच्या आत माझं घोरणं विकलं गेलं नाही, तर हा बाजार कायमचा बंद! आणि पंतोजी, तुम्ही हत्तीखान्यात जाऊन हत्तींना आंघोळ घालायची!"

पंतोजींना मांजराचीसुद्धा भीती वाटे. ते मटकन पायरीवर बसले.

"मी विकते!" धुरपी पुढे आली. "पण महाराज, विकलं असं कधी म्हणायचं?"

"कुणीतरी खुशीनं घेतलं पाहिजे आणि त्याच्या बदल्यात काहीतरी दिलं पाहिजे. जा, विक!" महाराज हसत हसत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपी पेठेत जाऊन ओरडू लागली, "घोरणं घ्या, घोरणं! अस्सल राजेशाही घोरणं!"

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, माझ्या घरी एक आहे, तेच घेऊन जा! वर चिवडा देते!"

कुणीच घेईना. धुरपीनं ओरडणं थांबवलं आणि ती विचार करू लागली. एवढा मोठा आवाज लागतो कुणाला? विचार करत करत ती गावाबाहेर आली, तर भिवबा शेतकरी मळ्यात उभा राहून तोंड नुसतंच उघडत होता आणि मिटत होता. ज्वारी हुरड्याला आलेली, चिमण्या-पोपट तुटून पडलेले आणि त्यांना हाकलून हाकलून भिवबाचा घसा पार बसलेला!

"भिवबाकाका, पाखरं हाकलायला आवाज देऊ का एक?"

"टोपलीभर हुरडा देईन," भिवबा कसाबसा कुजबुजला, "पण आवाज दे!"

धुरपी धावत महालात गेली. महाराजांची दुपारची झोप नुकतीच लागली होती. खिडक्या थरथरत होत्या. राणीसाहेब कानात कापूस घालून बसल्या होत्या.

"राणीसाहेब," धुरपी मोठ्यानं म्हणाली, "महाराजांना थोडा वेळ नेऊ का?"

"थोडा वेळ कशाला? संध्याकाळपर्यंत ठेव!" आणि राणीसाहेबांनी स्वतः भोई बोलावले.

भोयांनी पलंगासकट महाराजांना उचललं आणि भिवबाच्या मळ्यात नेऊन ठेवलं. महाराज कूस बदलून सुरू झाले.

"घर्रर्र... खॉक्... फुऽऽस्स!"

'घर्रर्र'ला चिमण्या उडाल्या. 'खॉक्'ला पोपट पळाले. 'फुऽऽस्स'ला तर बुजगावणंच आडवं झालं!

आजूबाजूचे शेतकरी धावत आले. "मलाही दे! मलाही!"

"रांगेत या!" धुरपी म्हणाली. "भोईकाका, महाराजांचं तोंड जरा उसाच्या बांधाकडे करा. आता विहिरीकडे!"

पलंग फिरत राहिला, पाखरं उडत राहिली आणि धुरपीपुढे हुरड्याच्या टोपल्या जमत गेल्या.

ऊन उतरलं तसे महाराज डोळे चोळत उठले. "अरे! माझा महाल कुणी नेला?"

"महाल जागेवरच आहे, महाराज! तुम्हीच बाजारात आलात. घोरणं विकलं!"

महाराजांनी टोपल्या पाहिल्या आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. "वा! पण घोरणं माझं, म्हणजे माल माझा. तेव्हा हा सगळा हुरडा माझा! तुला काय मिळालं? भोपळा!"

शेतकऱ्यांचे चेहरे पडले. धुरपीनं मात्र मान डोलावली.

"बरोबर आहे, महाराज! मालक तुम्ही, नफा तुमचा. मग तोटाही तुमचाच ना?"

"अर्थातच! मी राजा आहे! पण तोटा कसला?"

"कुंभाराची मडकी तडकली, ती भरून द्या. पाटलांची म्हैस दावं तोडून नदीत जाऊन बसली, ती ओढून आणा. आणि त्या आंब्यावरचं आग्यामोहोळ उठलंय..."

"आग्यामोहोळ?" महाराज पलंगावर उभे राहिले आणि त्यांनी चादर डोक्यावर ओढून घेतली. "नको! मी मालक नाही! धंदा तुझा, नफा तुझा, तोटा तुझा! माशासुद्धा तुझ्याच!"

"सगळ्यांनी ऐकलं हं, महाराज!"

"ऐकू दे! पण माशा किती लांब आहेत ते सांग!"

"चांगल्या डोंगरापलीकडे गेल्या! तुम्ही घोरत असताना कोण थांबेल, महाराज?"

चादरीतून आधी एक डोळा बाहेर आला, मग मिशा आणि मग असं गडगडाटी हसू फुटलं की भोयांनी पलंग घट्ट धरून ठेवला.

"हरलो, पोरी! हुरडा तुझा! मडकी, म्हैस सगळं मी बघतो. आणि आजपासून मुलांचा बाजार महालाच्या दारात भरेल!"

पंतोजींना शालजोडी मिळाली, धुरपीला बाजारातली सगळ्यात मोक्याची जागा! आणि सुगी संपेपर्यंत महाराजांनी दुपारी मळ्यातच झोपावं, असा हुकूम राणीसाहेबांनी त्याच संध्याकाळी काढला.