खिंडीतली साळूबाई

फार मागे, एका अरुंद खिंडीत साळिंदरं आणि घोरपडी राहायच्या आणि बिळांवरून रोज भांडायच्या. गव्यांच्या कळपाला नदीवर जायला तेवढी एकच वाट होती.

एकदा कळपाचा म्होरक्या आपले दांडगे गवे घेऊन खिंडीतच येऊन बसला. "तुमची भांडणं मिटवायला आलोय," म्हणाला. भांडणं राहिली बाजूला, खुरांखाली बिळं ढासळली. साळूबाई साळिंदरीची पिल्लं थोडक्यात वाचली.

संध्याकाळी गवे खिंडीबाहेर परतले. दुसऱ्या दिवशी कळप पाण्याला निघाला, तर खिंडीच्या तोंडाशी साळूबाई काटे फुलवून उभी. शेजारी तिची सात जन्माची वैरीण घोरपड.

"आमचं भांडण आमचं आम्ही बघू," साळूबाई कडाडली. "तुला पाणी हवंय ना? मग वाट माग. उपकाराचं सोंग कशाला?"

"मी मागू? तुझ्याकडे?" गवा फुरफुरत पुढे आला. नाकात दोन काटे घुसले, तसा मागे सरला.

वासरं तहानेनं हंबरत होती. म्होरक्यानं जन्मात पहिल्यांदा मान खाली घातली.

"साळूबाई, जाऊ द्याल का?"

तिनं काटे मिटले. "जा की. आजवर वाट कधी अडवली होती आम्ही? फक्त बिळं बघून पाय टाका."